लवंगीला पाणी दाखवताना

प्रिय नंदू,

आज लवंगीचा रेडिएटर बदलला, आणि तुला हवा होता तो बसवला नाही. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मीच कळवते. दुसरं कुणी म्हणजे तुझा तो अशफाक मेकॅनिक. इतका फुगलाय माझ्यावर, की जमलं असतं तर वर येऊन त्यानेच तुझे कान भरले असते. गाडीखालून निघाला तो चहासुद्धा न घेता पेणला गेला.

ओरडायचं तर ओरड बाबा. तुझं ओरडणं ऐकून वर्ष उलटलं. मला चालेल.

पण आधी सगळं ऐकून घे. होतास तेव्हा कधी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. आता तरी मध्ये बोलू नकोस!

लवंगी आली तो दिवस आठवतो? आम्हाला वाटलं होतं, पोरगा कमवायला लागला, आता चार माणसं बसतील अशी गाडी घेईल, आईला जरा देवदर्शनाला नेईल. आणि तू पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून ही लाल, बुटकी, तेव्हाच म्हातारी झालेली गाडी घेऊन आलास! मागच्या सीटवर बसायचं तर माणसाची घडी घालावी लागायची. आई ओवाळायला पुढे झाली आणि तू दाखवायला म्हणून रेस दिलीस. तिच्या हातातलं ताट हललं, कुंकू सांडलं. "बारीक हाय, पन लवंगी मिरची हाय गो ही," आई म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

सोळा व्हॉल्व्ह, जपानी इंजिन, काटा वर चढला की ती खरी गाते, असं काय काय तू सांगायचास. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. एवढंच कळायचं, की भाऊबीजेला रोह्यात आमच्या गल्लीत वळायच्या आधीच तुझा आवाज यायचा. आमचे हे शिफ्ट करून झोपलेले असायचे. ते डोक्यावर उशी घ्यायचे आणि उशीखालून म्हणायचे, "आले तुझे बंधुराज." यंदाच्या भाऊबीजेला त्यांनी मुद्दाम सेकंड शिफ्ट मागून घेतली.

आणि ते लग्न? मावशीच्या मुलीचं? मे महिना, वडखळच्या नाक्यावर ट्रॅफिक मुंगीच्या पावलाने चाललेलं, आणि तुझ्या लवंगीचा टेंपरेचरचा काटा लालकडे निघालेला. तू काय केलंस? हीटर लावलास! मे महिन्यात! "इंजिनाची गरमी आत ओढून घ्यायला पायजे ताई, नायतर ती शिजेल." ती शिजू नये म्हणून मी शिजले. भरजरी साडी, अंबाडा, गजरा, सगळ्याचं भरीत झालं. मांडवात पोचले तेव्हा मुलाकडच्यांनी मला विचारलं, बरं नाही का तुम्हाला?

त्याच दिवसापासून तुझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. मोठा रेडिएटर. पूर्ण अॅल्युमिनियमचा, जाड, दुपदरी, रेसच्या गाड्यांना असतो तसला. लोक मोबाइलवर बायकोचा फोटो लावतात, तू रेडिएटरचा लावलास. आईने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "ही कुठली चाळन हाय?"

तुझं ते राहूनच गेलं. आधी लवंगीचा नंबर लागणार होता, मधेच तुझाच लागला.

तू आजारी पडलास आणि आपल्या खारेपाटातल्या घरात पाणी या शब्दाचा अर्थच फिरला. एरवी तरी आपल्याकडे पाण्याची काय चैन होती? नळ त्याच्या लहरीने येणार, आला की सगळी कामं टाकून आई हंडे लावणार. बोअरला पाणी आहे म्हणावं तर ते मचूळ, खाडीची चव असलेलं, भांडी घासायच्या लायकीचं. लवंगीचा जुना रेडिएटर गळायला लागला तेव्हा तू प्यायच्या हंड्यातलं गोडं पाणी तिला ओतायचास आणि आई अंगणभर ओरडायची, "मान्सांना प्यायला नाय आन् हा गाडीला पाजतंय!" तात्पुरतं आहे, म्हणायचास तू. कूलंट घालीन, रेडिएटर बदलीन, सगळं करीन. मग किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी तुझंच पाणी मापाने करून दिलं.

दिवसाआड पनवेलला डायलिसिस. आल्यावर तू अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचास, ओठ सुकलेले, आणि समोर पत्र्याच्या शेडमध्ये लवंगी. बॉनेट उचलायची ताकद उरली नाही तेव्हा तू आईला शिकवलंस. हे झाकण, हे असं दाबून फिरवायचं, गाडी थंड असतानाच. "आई, तिला पाणी दाखव." अरे, पाणी दाखवतात ते गुरांना! पण तुला गंमत वाटायची आणि आईलाही. तिनेही एकदा विचारलं, "एवडा पानी पितं, जातं कुठं रं हिचा?" आणि तू म्हणालास, "पिऊ दे आई. तिला तरी पोटभर पिऊ दे."

हे तू का बोललास रे? हसत बोललास, मला माहीत आहे. मी तेव्हा भाकऱ्या थापत होते. तुझं ऐकलं आणि माझा हात परातीत तसाच राहिला.

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि अशफाक आला. म्हणाला, ताई, गाडी उभी राहून सडेल, निदान चालू तरी करून ठेवू. बरं वाटलं मला. आईपण ओटीवर येऊन बसली. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी लावली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ताई, पानी सोडू?"

त्याला बिचाऱ्याला रेडिएटर रिकामा करायचा होता, खालचं बूच काढायचं होतं, बाकी काही नाही. पण पाणी सोडू का म्हणून असं माणसाला तोंडावर विचारतात का? कशाकशावर पाणी सोडायचं मी? आई ओटीवरून म्हणाली, "सोड बाबा, सोड." तिला कळलं होतं का त्याला काय म्हणायचंय, का माझ्यासारखंच काही वाटलं होतं, देव जाणे.

पाणी आलं ते तांबूस, गाळकट. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. "हे तर बोअरचं हाय! खारट! कोनी घातलं यात? आतनं सगळा खाल्लाय बगा." रेडिएटरच्या जाळीवर नुसतं बोट दाबलं तर ती भुसभुशीत होऊन खाली पडली.

मी आईकडे बघितलं. आई कोंबडीकडे बघत होती.

नंदू, ती वर्षभर रोज लवंगीला पाणी दाखवत होती! रोज सकाळी. नळ आला असेल तर गोडं, नसेल तर बोअरचं. शेजारची काकू नंतर मला सांगत होती, "आमी बगायचो गो, पन बोलायचा कसा?" रेडिएटर गळका, सगळं रात्रीत जमिनीत जिरणार, सकाळी ही पुन्हा भरणार. तिला वाटत होतं, ती पितेय. आणि तिच्या त्या पाण्यानेच तुझ्या लवंगीचा रेडिएटर गेला.

"जुना झाला असेल रे," मी अशफाकला म्हटलं.

"जुना नाय ताई, मी सांगतंय ना, खाऱ्या पान्यानं..."

"जुना झाला होता," मी म्हटलं आणि डोळे असे वटारले, की तो गप्प बसला. शाळेत असताना तू गप्प बसायचास तसा.

मग निवडानिवड सुरू झाली. अशफाकने फोनवर फोटो दाखवले, पेणला दुकानात नेलं, गाड्यांच्या नादातल्या तुझ्या मित्रांना विचारलं. एक होता अॅल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या असलेला. बसवला की झालं, पण फुटला की फेकायचा. दुसरा, तुझा जुनाच, तांब्या-पितळेचा. त्याची आतली जाळी नवी टाकून घ्यायची, वरच्या-खालच्या टाक्या त्याच. आणि तिसरा तुझा. तुझा तो जाड, दुपदरी, पूर्ण अॅल्युमिनियमचा! पुण्यातल्या एका मित्राकडे नवाकोरा पडून होता. त्याने बोलूनसुद्धा दाखवलं, नंदूच्या गाडीला लागतोय तर घेऊन जा.

ओटीवर बसून मी ते फोटो पुढेमागे करत होते आणि मला एकदम रडू फुटलं. अशफाकला वाटलं, खर्चाचा विचार करतेय. कसला खर्च! लवंगीला एक नाही, तीन मिळत होते. बसेल का, टिकेल का, कुठला बरा, चर्चा चालल्या होत्या. तुझ्या वेळी आपण एक शोधत होतो. आईचं वय झालेलं, माझ्या रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी फाइल मिटून परत दिली. मी म्हटलं होतं त्यांना, साखर आहे तर असू दे, गोड किडनी बसवा त्याला. ते हसले. मी विनोद करत नव्हते रे.

असो. डोळे पुसले आणि अशफाकला म्हटलं, ठरलं, नंदूला हवा होता तोच आण. त्याचा चेहरा काय फुलला! मग म्हणाला, "पन ताई, एक हाय. यात साधं पानीसुद्धा चालनार नाय. बोअरचं तर लांबच. खारं पानी गेलं ना, की अॅल्युमिनियम पार कुजतं. नुसता कूलंट भरायचा आनि झाकनाला हात नाय लावायचा." हळूच आईकडे मान वळवली. "आजींना सांगाल ना?"

सांगते म्हटलं. त्यानेच तोड काढली. काच धुवायच्या पाण्याची छोटी टाकी असते ना बॉनेटखाली, ती आजींना दाखवायची. "सांगायचं, आता हितं वतायचं. त्यांना काय कलनार हाय?" हुशार आहे तुझा मित्र. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू! तुझा रेडिएटर बसेल, आईची रोजची सवय मोडणार नाही, कुणाला काही सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर वाल सोलत बसले होते. ती छोटी टाकी तिला कशी दाखवायची ते मनात जुळवत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू लवंगीला पाणी रोज कशाला घालतेस गो? बंदच तर आहे ती."

ती सोलायची थांबली नाही. "त्या दिवशी सांजच्याला त्यानं पानी मागितला," ती म्हणाली. "त्याचा दिवसाचा पिऊन झालावता. तुमी सगल्यांनी मना सांगून ठेवलावता, ज्यास्ती द्यायचा नाय. मी त्याला सांगितला, सकाली देतंय. सकाली उठल्या उठल्या देतंय बाला." एक शेंग तिने हातात नुसतीच धरून ठेवली. "मंग सकाल झाली, आन् तू तर नव्हतास."

"तू तर नव्हतास." माझ्याशी बोलता बोलता ती तुझ्याशी बोलायला लागली, तिच्या लक्षातही आलं नाही.

ही गोष्ट मला माहीत नव्हती, नंदू. ती फक्त तुला माहीत होती आणि तिला. वर्षभर कुणाला बोलली नाही. रोज सकाळी उठून तिने आपला शब्द पाळला, एवढंच. आणि मी तिला काच धुवायची टाकी दाखवणार होते!

मी अशफाकला फोन करून सांगितलं, तांब्या-पितळेचाच कर. तो खवळला. "ताई, तुमी डोकं चालवा जरा! नंदूचं स्वप्न व्हतं ते. पितळेचा रोह्याच्या वाटेवर भिसे खिंडीच्या चढाला परत तापनार. आनि खारं पानी यालाबी खानारच." मी विचारलं, पण हा उघडता येतो ना? साफ करता येतो, गळला तर टाका मारता येतो? "येतो की," तो म्हणाला, "पन किती वेला?" लागेल तितक्या वेळा, म्हटलं. रोह्याला आमच्या स्टेशनकडे एक रेडिएटरवाला आहे. त्यानेच जाळी नवी टाकून दिली. दोनदा विचारलं त्याने, एवढ्या नाजूक गाडीला हा जुनाच कशाला?

तर असं झालं. तुझा तो चकचकीत रेडिएटर पुण्यालाच राहिला. लवंगी आता खिंडीत दमाने चालवावी लागेल, पूर्वीसारखी गाणार नाही. मला याचं वाईट वाटतं. खूप वाटतं. तू खाटेवर पडल्या पडल्या त्याचे फोटो बघायचास, तेवढंच तुझं राहिलेलं एक काम होतं, मला करता येत होतं, दारात आलं होतं, आणि मी नको म्हटलं. पण तूच सांग, तू काय केलं असतंस? तूही हेच केलं असतंस ना? हो म्हण रे एकदा!

एक मात्र आईला सांगितलं. म्हटलं, "नंदूला मचूळ पाणी कधी आवडलं होतं का गो?" ती विचारात पडली. "नाय," म्हणाली, "तोंड वाकडा करायचा. ल्हानपनी तर थुकायचा." मग म्हटलं, आता रोह्याहून मी गोडं पाणी आणत जाईन, तेच घाल. तिला एकदम पटलं. जुना रेडिएटर कशाने गेला ते तिला ठाऊक नाही, आणि माझ्या तोंडून ते कधी निघणार नाही. रोह्याचं संपलं तर तिचा हात पुन्हा बोअरकडे जाईल, तेही मला माहीत आहे. जाऊ दे.

आज सकाळी नवी जाळी बसली. अशफाकने कूलंटचा डबा उघडून ठेवला होता, मी त्याला थांबायला सांगितलं. मी आणलेल्या कॅनमधून आईने कळशी भरून घेतली, पदर खोचला, आणि ओतायला लागली. धार अगदी बारीक. एक थेंबही बाहेर गेला नाही. रेडिएटर भरला, तोंडापर्यंत आला, मग वरून ओघळायला लागला, इंजिनावर, जमिनीवर, तिच्या पायांवर. अशफाकने तोंड उघडलं, "बस बस आजी" म्हणणारच होता. मी त्याचा दंड धरला. कळशी रिकामी होईपर्यंत ती ओतत राहिली. अशफाकने मग खाली मान घालून आपली हत्यारं गोळा केली.

त्याच्यावर रागावू नकोस. येईल तो परत. कूलंटचं काय करायचं ते त्याचं तो बघेल, शिव्या घालत का होईना, दर खेपेला धुऊनपुसून करून देईल.

नंदू, दर रविवारी मी येईन. लवंगी काढून रोह्याहून गोडं पाणी आणीन, तू शिकवलीस तशी चालवत, मागच्या सीटवर कॅन ठेवून, आणि तिला पुन्हा आईच्या शेडमध्ये लावीन. ती थंड झाली की आई ओतेल, तेव्हा बॉनेट धरून उभी राहीन. त्या वर्षी आम्ही तुला सगळ्यांनी मिळून किती वेळा 'पुरे' म्हटलं असेल! तिला मी ते कधीच म्हणणार नाही. भरून सांडू दे, अंगणभर वाहू दे. तिचा हात आपणहून थांबेल, तेव्हाच झाकण लावीन.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी ताई